मुकादम

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात झाली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतली गावं मी गोठ्यांवरून ओळखतो. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी, लाळ्या-खुरकुताच्या मोहिमा, कृत्रिम रेतन, रात्री-अपरात्री अडलेली गाय, हिरवं कोवळं खाऊन फुगलेला बैल, असं हे काम. त्यात शेतकरी एक प्रश्न हमखास विचारायचे. चार माणसांना आवरत नाही तो गोऱ्हा तुमच्यापुढं कसा काय उभा राहतो? त्याचं उत्तर द्यायचं तर साखरखेर्ड्यातल्या आमच्या घरी राहिलेल्या एका मुंगसापासून सुरुवात करावी लागते. त्याचं नाव मुकादम. त्यानं आमच्या आळीला पोट धरधरून हसवलं आणि मला जनावराच्या बाजूनं बघायची सवय लावली.

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातलं मोठं गाव. पलसिद्ध महाराजांचा मठ आणि प्रल्हाद महाराजांचं संस्थान यांमुळे लांबलांबून माणसं इथं येतात. इतिहासाच्या पुस्तकांत ते १७२४ च्या लढाईमुळे येतं. निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाला इथं हरवलं आणि दख्खनेत आसफजाही सत्ता उभी राहिली. आम्हा पोरांना तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी गाव म्हणजे मातीच्या धाब्याची घरं, निंबाची झाडं, काळी वावरं आणि बांधावरच्या बोरी-बाभळी. बांधाच्या दगडांत मुंगसं राहायची. ती रोज दिसायची, पण रस्ता ओलांडण्यापुरतीच.

१९७२ चा पावसाळा कोरडा गेला. ज्वारी पोटरीत आलीच नाही, कपाशी उभ्या वावरात वाळली. त्या वर्षी महाराष्ट्रभर रस्त्यांची, नालाबंडिंगची, पाझर तलावांची दुष्काळी कामं निघाली. रोजगार हमी योजनेची सुरुवातही याच काळातली. तिचा कायदा पुढं १९७७ साली झाला. माझी माय आणि बाबा दोघंही तलावाच्या कामावर जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि आजी प्रत्येक भाकरीला बोल लावायची. पोरांना सुकडी मिळायची, ती आम्ही मुठीत घेऊन दिवसभर पुरवून खायचो.

१९७३ च्या उन्हाळ्यात तलावाच्या पाळूसाठी मातीचा एक उंचवटा खणला आणि आतलं बीळ उघडं पडलं. मोठं मुंगूस माणसांच्या गर्दीतून निसटलं, मागं एक पिल्लू राहिलं. बाबांनी त्याला दिवसभर झुडपाखाली ठेवून पाहिलं. पण बीळ तर टोपल्या टोपल्यांनी पाळूवर जाऊन पडलं होतं आणि शंभर माणसांचा राबता असलेल्या जागी आई फिरकली नाही. सुटीच्या वेळी बाबांनी पिल्लू दुपट्ट्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

तळहातावर मावेल एवढं होतं. लांबून ते राखाडी दिसायचं, पण जवळ घेतलं की कळायचं, त्याचा एकेक केस काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता. डोळे तांबूस, नाक सतत हलणारं. आजीनं शेळीच्या दुधात पाणी घातलं, कापसाची वात भिजवून त्याच्या ओठाला लावली. पिल्लानं दुधाआधी वातच गिळायचा प्रयत्न केला. आजी म्हणाली, "जगते हे. ज्याले इतली घाई हाय ते मरत नाही."

नाव बाबांनी ठेवलं. तलावावरचे मुकादम सकाळी मातीच्या ढिगावर चढायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि मान ताठ करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामावर नजर फिरवायचे. पिल्लाच्या पायात बळ आलं तसं ते उखळाच्या काठावर चढून मागच्या दोन पायांवर उभं राहू लागलं. पुढचे पंजे छातीशी धरायचं आणि अंगणात कोण काय करतंय ते डावीकडून उजवीकडं बघून घ्यायचं. माय भांडी घासत असली तर तिच्याकडं अंमळ जास्त वेळ. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाबा दिवसभर खडी वाहून आलेले असूनही हसत सुटले. "हा तर आपला मुकादम!" झालं, तेव्हापासून घरात, आळीत सगळे त्याला मुकादमच म्हणू लागले.

या नावानं एकदा मोठी गंमत झाली. हजेरीचं काहीतरी विचारायला खरे मुकादम संध्याकाळी आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना ओसरीवर सतरंजी टाकून दिली, गुळाचा चहा दिला. त्यांनी पहिला घोट घेतला न घेतला तोच परसातून मायचा आवाज आला. "अवं माय! तो मुकादम मेला आजबी अंडं घेऊन पयाला! आता दिसू द्या, त्याचं तंगडंच मोडते!"

ओसरीवर कुणी हलेना. मुकादमांनी कपबशी खाली ठेवली. बाबा हात जोडून उभे राहिले. "सायेब, ते तुमाले नाही म्हनत. आमचा दुसरा हाय."

"दुसरा? या कामावर दुसरा मुकादम कोन्ता?"

बाबा काय सांगणार! तेवढ्यात तो दुसरा स्वतःच आला. तोंडाला पिवळा बलक लागलेला. उंबऱ्यावर मागच्या पायांवर उभा राहिला आणि मान ताठ करून साहेबांना पागोट्यापासून वहाणांपर्यंत निरखून घेतलं. साहेबांनीही त्याला निरखलं. मग ते असे काही हसले की चहा सतरंजीवर सांडला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्या कामावर सांगितली. टोपल्या उचलता उचलता बाया एकमेकींना म्हणायच्या, "हळू बोल व बाई, मुकादम आयकते." आणि मग कोणता मुकादम यावरून पुन्हा खसखस पिकायची. त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं. म्हणून ते हसू मला आजही मोलाचं वाटतं.

अंडं फोडायची मुंगसाची रीत पाहण्यासारखी असते. तो अंड्याला तोंड लावून बसत नाही. आधी भिंत किंवा दगड शोधतो, त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, पुढच्या दोन पंजांत अंडं धरतो आणि मागच्या पायांच्या मधून जोरानं मागं फेकतो. फटकन आवाज आला की वळून खायला लागतो. हे मुकादमला कुणी शिकवलं नव्हतं. आई दुरावली तेव्हा तो वातीनं दूध पीत होता. पहिलं अंडं मिळालं त्या दिवशी दोन-तीनदा तोंडानं खटपट केली आणि मग एकाएकी भिंतीकडं पाठ फिरवली. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण त्या एवढ्याशा अंगात होतं.

अडचण अशी की जे जे गोल ते ते अंडं, असा त्याचा हिशोब. माझ्या काचेच्या गोट्या त्यानं भिंतीवर आपटून पाहिल्या. लिंबं आपटली. आजीच्या चंचीतलं जायफळ आपटलं. एकदा दुपारी सगळे झोपले असताना घरभर टक, टक असा आवाज सुरू झाला. आजीला वाटलं, कुणी कडी वाजवतंय. दार उघडून बघते तर बाहेर कुणी नाही. आत मुकादम कणगीच्या आडोशाला सुपारी फोडायच्या उद्योगात. फुटत नव्हती, म्हणून तो दर वेळी थोडा पुढं सरकून जास्त जोरानं फेकत होता.

सुपारीच्या याच वेडानं पुढं शेजारच्या घरी इतिहास घडवला. १९७३ चा पाऊस चांगला झाला. लोकांच्या जिवात जीव आला, श्रावणात आळीतल्या एका घरी सत्यनारायण घातला. चौरंगावर गहू, कलश, केळीचे खांब आणि विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती. गुरुजी पोथी सांगत होते, सगळे हात जोडून बसले होते. मुकादम मोरीतून आत आला. कुणाच्या लक्षात येण्याआधी चौरंगापाशी पोचला, गुरुजींच्या मांडीला घासून गेला, पानावरची सुपारी उचलली, भिंतीकडं पाठ केली आणि दिली फेकून. सुपारी भिंतीवर आपटली, तिथून उडून आरतीच्या ताटावर वाजली. तो धावत गेला, उचलली, पुन्हा पाठ केली.

पोथी थांबली. पोरांनी तोंडात पदराची, सदऱ्याची टोकं कोंबली. मी जमिनीकडं बघत होतो. तेवढ्यात त्या घरची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अहो, कथेले मुंगूस आलं, सगळ्याईले तोंड दाखवलं. याच्याहून शुभ काय असते?" हे ऐकल्यावर अख्ख्या घरानं मुकादमला नमस्कार केला. गुरुजींनीही केला. मग त्यांनी दुसरी सुपारी मागवली, शांतपणे गणपतीचं आवाहन पुन्हा केलं आणि कथा पुरी केली. शिऱ्याचा पहिला घास त्या दिवशी मुकादमला मिळाला.

मुंगूस दिसणं शुभ, त्यातही त्याचं तोंड दिसणं शुभ, ही समजूत आमच्याकडं पक्की. रस्त्यात मुंगूस आडवं गेलं की पोरं त्याला रामाची शपथ घालतात, तोंड दाखवून जा म्हणतात. आमच्या तर घरातच मुंगूस! परीक्षेच्या सकाळी पोरं दप्तरं घेऊन दारात उभी राहायची. चिखलीच्या किंवा मेहकरच्या बाजाराला निघालेले गाडीवान बैल थांबवून हाक द्यायचे, "पोट्ट्या, मुकादमाचं तोंड दाखव रे." मुकादम त्या वेळी कणगीमागं झोपलेला असायचा. त्याला उठवायला हात घातला की काय होतं ते माझ्या बोटांना माहीत होतं. मग शेतकरी थांबायचा, बिडी ओढायचा, बैल शेपट्या हलवायचे. बाजार काही थांबत नाही, पण मुकादमचं तोंड दिसल्याशिवाय गाडी हलायची नाही.

नागपंचमीच्या सुमारास गारुडी आला. पेटारीत नाग. आमच्याकडं मुंगूस आहे हे कळल्यावर त्यानं खेळ आमच्याच अंगणात मांडला. सगळी आळी जमली. नागानं फणा काढला तसे मुकादमच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले. क्षणात तो दुप्पट दिसायला लागला. शेपटी मनगटाएवढी जाड झाली. लोकांनी श्वास रोखले. मुकादम नागाभोवती लांबून अर्धा फेर फिरला, नाक वर करून वास घेतला आणि वाट बदलून गारुड्याच्या झोळीकडं गेला. झोळीत सुकटीची पुडी होती. पुडी तोंडात धरून तो निंबावर, निंबावरून धाब्यावर! गारुडी पुंगी टाकून त्याच्यामागं धावला. मग लोकांच्या लक्षात आलं, नागापाशी आता कुणीच नाही. ओसरीवर, गाडीवर, उखळावर जिथं जागा मिळेल तिथं माणसं चढली. गारुड्यानं परत येऊन नागाला पेटारीत घातलं तेव्हा कुठं माणसं खाली उतरली.

मुंगूस नागाशी लढतं ते खरं. आजी सांगायची, नाग डसला तर ते रानात जाऊन मुंगूसवेल खाऊन येतं. पुढं शिकताना कळलं की त्याचं बळ त्याच्या शरीराच्या घडणीतच आहे. नागाचं विष चेतातंतू आणि स्नायू जिथं जोडले जातात तिथं जाऊन बसतं आणि स्नायू लुळे पडतात. मुंगसाच्या अंगात ती जागा अशा घडणीची असते की विषाला नीट पकड मिळत नाही. तरी तो विषापासून पूर्ण सुरक्षित नसतो. म्हणून तो चपळाईनं दंश चुकवतो आणि गरज नसेल तर लढाईच टाळतो. पोट भरायला उंदीर, सरडे, विंचू, किडे, फळं असं पुष्कळ असताना नागाच्या नादी कशाला लागायचं, एवढी अक्कल त्याला असते. त्या दिवशी अंगणात मुकादमनं जे केलं ते त्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं.

जाताना गारुडी आजीला म्हणाला, मुंगूस विकता का, भाव सांगा. आजी म्हणाली, "आंधी माह्या नातवाचा भाव कर. मंग याचा सांगते."

आजीचा मुकादमवर फार जीव. त्यानं इतके उपद्व्याप केले, पण तिचा हात कधी उठला नाही. पंचतंत्रातली ब्राह्मणीची गोष्ट ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची. बाळाचं सापापासून रक्षण करून मुंगूस रक्तानं भरलेल्या तोंडानं दारात येतं आणि आई काही न विचारता त्याला मारते. गोष्ट संपली की आजी म्हणायची, "जनावर काय सांगून राह्यलं ते आंधी पाहा, मंग लाकूड उचला." माझ्या नोकरीत मला एवढं एकच वाक्य पुरलं असतं.

१९७४ च्या पावसाळ्यात मुकादम दुपारच्या झोपेला घरी येईनासा झाला. मग संध्याकाळीही चुकवायला लागला. एक दिवस बाबांनी त्याला तलावाच्या पाळूवर पाहिलं. सोबत दुसरं मुंगूस होतं. बाबांनी हाक मारली तसा तो मागच्या पायांवर उभा राहिला, डावीकडून उजवीकडं मान फिरवली आणि गवतात गेला. मी रडलो, तेव्हा आजीनं समजूत घातली. "पाव्हना होता. हसवून गेला. आता त्याचं घर त्यानं पाह्यलं."

नोकरीला लागल्यावर हे सगळं कामाला आलं. मुकादमच्या अंगावर वरून हात आला की तो कडाडून चावायचा. तोच हात खालून, जमिनीलगत पुढं केला की वास घ्यायचा आणि कोपरापर्यंत चढून यायचा. त्याच्या जगात वरून येते ती घार. गाय-बैलांचंही आपापलं गणित असतं. त्यांना दोन्ही बाजूंचं पुष्कळ लांबवर दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही. तिथून अचानक हात लागला की लाथ येणारच. म्हणून मी कधी मागून गेलो नाही. बाजूनं, बोलत बोलत जायचं, आधी खांद्याला हात लावायचा, मग सुईचं बघायचं.

लोणार तालुक्यातल्या एका गावी एक तगडा गोऱ्हा खोड्यात जाईना. दोर लावले, शेपटी पिळली, माणसं घामाघूम झाली. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि गोऱ्ह्याच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून खोड्याकडं पाहिलं. पलीकडच्या कुडावर युरियाच्या पिशवीचा एक फाटका तुकडा वाऱ्यानं फडफडत होता. उभ्या माणसाला तो दिसत नव्हता. तुकडा काढला आणि गोऱ्हा चालत आत गेला. शेतकरी म्हणाले, साहेबांना मंत्र येतो. माझ्या मनात मुकादम होता.

दवाखान्यात पोरं रानातली पिल्लंही घेऊन यायची. सदऱ्यात सशाचं पिल्लू, टोपीत पोपटाचं, पाटीत पिंगळ्याचं. एकदा शाळेतली पोरं काळविटाचं पाडस घेऊन आली. त्याला शाळेचा निळा सदरा घातलेला, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. तुरीत एकटंच बसलं होतं, आई सोडून गेली, असं त्यांचं म्हणणं. बिस्किटं चारली तर खात नाही म्हणून दवाखान्यात आणलं. पोरं गंभीर होती आणि पाडस सगळ्यांकडं बघत सदऱ्याची बाही चघळत होतं.

खरी गोष्ट अशी की हरणी पाडसाला गवतात, पिकात दडवून मुद्दाम लांब चरते. आपल्या वासानं कोल्हा-कुत्रा तिथवर येऊ नये म्हणून. पाडस हलत नाही, आवाज करत नाही. आई वेळेवर येऊन पाजून जाते. सशीणही तेच करते. आपण बघतो तेव्हा पिल्लू एकटं असतं, म्हणून आपण त्याला अनाथ ठरवतो. त्या संध्याकाळी आम्ही सदरा उतरवून पाडस त्याच तुरीत त्याच जागी ठेवलं आणि पोरांना घेऊन लांब बांधामागं बसलो. दिवस मावळायच्या बेताला हरणी आली. पोरांनी एकमेकांची तोंडं दाबून धरली होती. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असा समज गावोगाव आहे. माझा अनुभव तसा नाही.

दुसऱ्या एका गावी सोयाबीन सोंगताना एका मावशीला लांडोरीची अंडी सापडली. तिनं ती घरच्या कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली, दिवसभर कोंबडीमागं फिरायची. पण पंखांत थोडं बळ येताच संध्याकाळ झाली की ती धाब्यावर, तिथून झाडावर जाऊन बसायला लागली. मोर रात्री जमिनीवर राहत नाही. कोंबडी बिचारी झाडाखाली फिरून फिरून रात्रभर ओरडायची आणि मावशी कंदील घेऊन तिची समजूत काढायची. मला बोलावणं आलं ते कोंबडीच्या आजारासाठी. कोंबडी ठणठणीत होती, तिला काळजीनं घेरलं होतं. पिल्लं वन विभागाच्या माणसांनी नेली तेव्हा मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कोंबडी त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपली.

हसू येतं ते यामुळेच. रानच्या जीवाला आपल्या घराचे कायदे ठाऊक नसतात आणि तो स्वतःचे कायदे सोडत नाही. सुपारी त्याला अंडं वाटते, झाड त्याला घर वाटतं. ज्या दिवशी तो आपल्या कायद्यानं वागायला लागतो त्या दिवशी त्याचं रान सुटतं. पिंजऱ्यातला पोपट आपली भाषा बोलतो, पण त्याला उडता येत नाही. माणसांत वाढलेल्या पाडसाला कुत्र्याची भीती उरत नाही आणि कुत्रं त्याला सोडत नाही. अशी जनावरं माझ्या टेबलावर आली, तेव्हा औषधाचा फार उपयोग झाला नाही.

वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच, आमच्या दुष्काळाच्या वर्षातला. तेव्हा गावात तो कुणी ऐकलेला नव्हता. आज मुंगूस, पोपट, मोर, काळवीट, कासव यांतलं काहीही घरी ठेवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याची गरज मला मुंगसावरूनच पटते. त्याचे ते पट्टेदार केस रंगकामाच्या ब्रशांना उत्तम, म्हणून देशभर मुंगसं मारली जातात. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोनं या ब्रशांच्या व्यापारावर ठिकठिकाणी छापे घातले. चित्रकलेचा ब्रश विकत घेताना तो कृत्रिम केसांचा आहे ना, एवढं विचारलं तरी एखादा जीव वाचतो.

कुणी म्हणेल, हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी बिबटे, अस्वलं सांभाळलीच ना? सांभाळली, आणि का सांभाळली तेही पाहावं. १९७३ साली तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत मेलेल्या माकडिणीच्या अंगाला बिलगलेलं पिल्लू त्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि तिथून ते अनाथालय वाढत गेलं. परत जाण्याची वाटच उरली नाही अशा प्राण्यांसाठी एका कुटुंबानं अख्खं आयुष्य दिलं. विलास मनोहरांचं तिथल्या प्राण्यांवरचं 'नेगल' हे पुस्तक वाचलं की कळतं, त्या प्रेमाला केवढं बळ आणि केवढा वेळ लागतो. हौसेनं आणलेल्या पिल्लाला आपण ते दोन्ही देऊ शकत नाही.

म्हणून गावातल्या आईबापांना, मास्तरांना माझं सांगणं आहे. पोरानं पिल्लू आणलं तर आधी विचारा, कुठं सापडलं, आणि जखम नसेल तर त्याच जागी परत ठेवा. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात, अंधारात, गोंगाटापासून दूर ठेवा. गाईचं दूध पाजू नका, त्यानं हगवण लागते. ड्रॉपरनं तोंडात ओतू नका, दूध श्वासनळीत जातं. पक्ष्याला तर दूध मुळीच नको. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आणि पोराला रागावू नका. त्याच्या हातातलं पिल्लू हिसकून घेतलं तर पोर पुढच्या वेळी लपवून ठेवेल. त्याला सोबत न्या, पिल्लू त्याच्याच हातानं ठेवायला लावा, आई येईपर्यंत बांधामागं बसवा. त्या पोरांतलं पुढं कुणी शेती करेल, कुणी वनरक्षक होईल, कुणी आमच्या खात्यात येईल. जनावर काय सांगतंय ते आधी पाहायचं, हे ज्याला लहानपणी कळलं त्याच्या गोठ्यात बैलाची शेपटी कुणी पिळणार नाही.